‘उसना माल’ आणि ‘घरबसल्या बायका’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखाखाली ‘एक जुना रसिक’ या नावाने तुम्ही दिलेली प्रतिक्रिया वाचली. एरवी मी दोन ओळींत उत्तर देते आणि कामाला लागते. तुमच्या बाबतीत ते जमेना. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना मनातल्या मनात तुमच्याशी वाद चालूच राहिला. शेवटी म्हटलं, लिहूनच टाकावं.

ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘अनुपमा’ या हिंदी मालिकेतलं ‘आपको क्या?’ हे लांबलचक बोलणं २०२२ च्या सुरुवातीला घराघरातल्या फोनवर फिरत होतं. त्याच्या शेजारी ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीनं अनिरुद्धला सुनावलेला प्रसंग लावून लोक दोन्ही बघत होते. घटस्फोट झालेला नवरा अजूनही जाब विचारतो, कुठे गेली होतीस, कुणाबरोबर गेली होतीस. आणि ती त्याला तोंडावर विचारते की मी काहीही करेन, तुमचा संबंध काय? मी एवढंच लिहिलं होतं की ही बोलणी बघताना प्रेक्षक, विशेषतः बायका, जे बोलतात ते फार बारकाईचं असतं आणि त्याची कुणीतरी नीट नोंद घ्यायला हवी.

तुम्ही बरंच काही लिहिलंत. हे सगळं ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवरून घेतलेलं आहे, पार्श्वसंगीत कर्कश आहे, लोकांनी त्याची टिंगल केली, अरुंधती एवढं बोलूनही पुन्हा देशमुखांच्याच, म्हणजे सासरच्याच घरात घुटमळते, माझ्या लेखात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आहेत, वगैरे. आणि मग हे वाक्य: ‘भक्ती बर्व्यांच्या मंजुळेचं स्वगत ऐकलेल्या महाराष्ट्रात असल्या उसन्या मालावर घरबसल्या बायका टाळ्या वाजवतात आणि बाई, तुम्ही त्याला अभिरूची म्हणता.’

आधी या वाक्याचा सूर घेते, कारण मला लागलं ते तेच. मतभेद असायला माझी कधीच हरकत नव्हती. याच ठिकाणी लोकांनी माझे लेखच्या लेख खोडून काढलेत आणि मी त्यांचे आभार मानलेत. पण तुमचं ‘बाई’ कुठल्या सुरात आलंय ते मला चांगलं कळतं. चार माणसांत एखादीला गप्प बसवायचं असलं की हाच सूर लागतो. तुम्ही ‘मला हे पटत नाही’ असं लिहिलं असतंत तर हा लेख लिहावा लागला नसता.

आता मंजुळा, म्हणजे ‘ती फुलराणी’ या नाटकाची नायिका. ‘ती फुलराणी’ पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून केलं, १९७५ साली ते रंगभूमीवर आलं. म्हणजे उसन्या मालाला नावं ठेवायला तुम्ही दाखला दिलात तोच मुळात लंडनच्या फूलवालीचा आहे! तुमच्यासारख्या जाणकाराला हे ठाऊक नसेल असं मी म्हणणार नाही, पण मग ते वाक्य लिहिताना तुम्ही नेमका कसला विचार करत होतात? आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं. देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला. मराठी प्रेक्षक शंभराहून जास्त वर्षं बाहेरून आलेली भाषणं आपली म्हणून ऐकतोय आणि त्याला कुणी अभिरुचीचं दिवाळं म्हटलेलं नाही. मग कोलकात्याहून आलेली गोष्टच तेवढी उसनी कशी?

आणि ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ या तिच्या स्वगताबद्दल तुम्ही मला सांगावं याचं तर मला फारच वाईट वाटलं. कॉलेजात असताना ते स्वगत मी केलंय. माझ्याबरोबरच्या जवळजवळ प्रत्येक मुलीनं ते कुठे ना कुठे केलंय, स्नेहसंमेलनात, एकपात्रीच्या स्पर्धेत, एखाद्या नाटकासाठी चाचणी द्यायला गेल्यावर. समोरच्या लोकांना ते पाठ असायचं. मी ‘असा’ म्हणायच्या आत पहिल्या रांगेतल्या बायकांचे ओठ हलायचे. त्या मंजुळेची गोष्ट ऐकायला आलेल्या नसायच्या, ती त्यांना माहीतच होती. ही पोरगी कुठे थांबते, कुठे रडवेली होते, ‘अशोक’ हे प्रोफेसरांचं नाव घेताना हिचा आवाज फाटतो का, हे बघायला त्या आलेल्या असायच्या. भक्ती बर्वे यांच्यानंतर अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी मंजुळा केली तेव्हा लोक पुन्हा तिकिटं काढून गेले ते याचसाठी.

मालिकांच्या या बोलण्यांचं अगदी हेच झालंय, आणि मूळ लेखात मला हेच सांगायचं होतं. ‘श्रीमोयी’ जून २०१९ मध्ये स्टार जलसावर सुरू झाली, इंद्राणी हाल्दार तिची नायिका. त्याच वर्षी डिसेंबरात स्टार प्रवाहवर अरुंधती आली, जुलै २०२० मध्ये स्टार प्लसवर अनुपमा. तमिळमध्ये ‘बाक्कियलक्ष्मी’, मल्याळममध्ये ‘कुडुंबविळक्कू’, तेलुगूत ‘इंटिंटी गृहलक्ष्मी’. हे कुणी लपवून ठेवलेलं नाही आणि प्रेक्षकांनाही ते पहिल्यापासून ठाऊक आहे. तुम्हाला वाटतं की आम्हाला फसवलं गेलंय. आम्ही फसलेलो नाही. एकच प्रसंग दोन-तीन बायांच्या तोंडून ऐकायला मिळतो म्हणून तर आम्ही तो बघतो.

अनुपमा झालेल्या रूपाली गांगुली ते बोलणं जवळजवळ एका दमात करतात. घूमूँ, फिरूँ, नाचूँ करत एकावर एक चढवत नेतात आणि शेवटी ‘आपको क्या’वर येऊन आदळतात. त्याला ताल आहे, म्हणूनच त्यावर इतक्या जणींनी ओठ हलवून रील केले. अरुंधती झालेल्या मधुराणी प्रभुलकर यांची रीत निराळी. ‘कवितेचं पान’ हा कवितांचा कार्यक्रम करणारी ही बाई, तिला ओळ कुठे सोडून द्यायची ते कळतं. ती अनिरुद्धकडे बघून बोलताना मध्येच आवाज खाली घेते, आणि माझ्या आईसारखी ऐकायला कमी येणारी म्हातारी टीव्हीचा आवाज न वाढवता खुर्ची पुढे ओढते. मला विचाराल तर मला अरुंधतीचं जास्त आवडलं. शेजारच्या इंदूरच्या वहिनींना अनुपमाचं. त्यावर आमचा एक अख्खा संध्याकाळचा चहा गार झालाय. मुग्धा गोडबोले यांच्या संवादांत अरुंधती चिडली तरी तिचं बोलणं घरातलंच राहतं हे माझं म्हणणं, आणि एवढं सोसल्यावर कसलं घरातलं बोलतेस, ओरडायलाच हवं, हे वहिनींचं. याला तुम्ही काय म्हणता? मी रसग्रहण म्हणते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक तमिळ मामी राहतात. त्या ‘बाक्कियलक्ष्मी’ बघतात. गच्चीत वडाम वाळत घालता घालता मी त्यांना अरुंधतीचा तो प्रसंग फोनवर दाखवला. मराठी त्यांना भाजीबाजारापुरतं येतं. हात ओले होते म्हणून फोन मीच धरून उभी राहिले. त्यांनी पूर्ण बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो हा: ती बोलत असताना सासू कुठे बघतेय? परत मागे घ्या. आम्ही परत मागे घेतलं. मग त्यांना सासऱ्यांचा चेहरा बघायचा होता. त्यांच्या मालिकेतल्या नवऱ्याच्या, गोपीच्या घरात असं झालं की म्हातारा कसा वागतो ते त्यांनी मला उभ्या उभ्या करून दाखवलं, खांदे पाडून, मान दुसरीकडे वळवून. बोलणारीपेक्षा ऐकणारे बघायचे, ही दृष्टी मला दिग्दर्शकाकडून कधी मिळाली नव्हती. त्या मामी म्हणजे तुमच्या भाषेत घरबसली बाई.

‘घरबसल्या’ या शब्दाबद्दलही सांगतेच. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात राज्य नाट्य स्पर्धेला मी उभी राहिलेली आहे. लग्नानंतर चिंचवडला आले, तिथल्या एका हौशी संस्थेत काम करायला लागले. तालमी रात्रीच्या, कारण सगळेच नोकरदार. मी चपला घालायला वाकले की सासरे पेपर खाली न करता विचारायचे, ‘कोण कोण असतं? सोडायला कोण येणार?’ माणूस वाईट नव्हता. आवाज चढवून कधी बोलले नाहीत. पण रोज तेच दोन प्रश्न, आणि रोज मी दारात उभी राहून नावं सांगायची. हळूहळू तालमी सुटल्या. कुणी बंद केल्या नाहीत, त्या सुटल्या. पुढे घर, मुलं, आईचं आजारपण. तेव्हा मी घरबसली झाले असेन, पण नाटक कशाशी खातात ते विसरले नाही. म्हणून अरुंधती जेव्हा विचारते की तुमचा संबंध काय, तेव्हा संहिता बंगालीतून आली की मंगळावरून, याने मला काडीचा फरक पडत नाही. तो प्रश्न मला दारात उभं असताना सुचला नव्हता. तो कसा विचारायचा असतो, हे मी पंचवीस वर्षं संसार झालेल्या एका बाईच्या तोंडून माझ्या भाषेत ऐकलं. तुम्ही तो ऐकताना टाळी वाजवू नका, तुमची मर्जी. ज्यांनी वाजवली त्यांच्या अभिरुचीचा निकाल तुम्ही कशाच्या जोरावर लावता?

पार्श्वसंगीताबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला मान्य आहे. एकेका चेहऱ्यावर तीन-तीनदा कॅमेरा आदळवायचा आणि दर वेळी तो ‘धूम्’ आवाज, याने चांगला प्रसंगही पातळ होतो. अरुंधतीच्या त्या बोलण्यात दोन ठिकाणी शांतता हवी होती, तिथे सतार घुसवलीय. हे मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं, तुम्ही लिहिलंत, बरं झालं.

टिंगलीचा मुद्दा मात्र तुम्ही साफ उलटा घेतलाय. २०२० मध्ये औरंगाबादच्या यशराज मुखाटेनं ‘साथ निभाना साथिया’मधल्या कोकिलाबेनच्या दरडावण्याला ताल लावला आणि ‘रसोड़े में कौन था’ देशभर झालं. हसले सगळेच. पण त्या हसण्यानंतर दोन-तीन महिन्यांतच मालिकेचा दुसरा भाग पडद्यावर आला, आणि रूपल पटेल यांना पुन्हा कोकिलाबेन म्हणून बघायला लोक बसले. माणसं ज्याची नक्कल करतात ते त्यांच्या कानात बसलेलं असतं. ‘आपको क्या’वर रील करणाऱ्या मुली हसत होत्या, हे खरं. मी ज्या बघितल्या त्यांतल्या कितीतरी जणींच्या मागे स्वयंपाकघर होतं, आणि एकीच्या मागे तर तिची सासू शेंगा सोलत बसली होती आणि तीही हसत होती. यात तुम्हाला फक्त टवाळी दिसली असेल तर मी काय करणार?

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. अरुंधती इतकं बोलून पुन्हा त्याच घरात का दिसते, तर मालिका पाच वर्षं चालली, ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली, आणि रोजच्या मालिकेत बाईला घराबाहेर काढून ठेवलं तर गोष्ट कुणाभोवती फिरवायची? तो लेखनाचा वेगळा विषय आहे आणि माझ्या लेखाचा तो नव्हता. टीआरपी, चॅनेलचा धंदा, एकच गोष्ट सगळ्या भाषांत विकणं, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात तुम्ही नवीन काही सांगितलेलं नाही. शुद्धलेखनाचं म्हणाल तर ‘अभिरुची’तला रु ऱ्हस्व असतो. तुम्ही तो दीर्घ लिहिलाय.

शेवटी तुम्ही सल्ला दिलाय की मी जरा चांगली नाटकं बघत जावं आणि मालिकांवर लिहिणं बंद करावं. नाटकं मी बघतेच, चिंचवडच्या मोरे प्रेक्षागृहात बरं काही आलं की असतेच. मालिकांवर लिहिणं बंद होणार नाही. पुढचा लेख ‘बाक्कियलक्ष्मी’वर आहे, मामी शेजारी बसून एकेक वाक्य सांगणार आहेत. त्याखालीही जरूर लिहा. फक्त त्याआधी घरातल्या एखाद्या बाईच्या शेजारी बसून, मध्ये न बोलता, एक भाग पूर्ण बघा आणि ती काय म्हणते तेही प्रतिक्रियेत लिहा.