संशोधन टाळून पीएचडी पूर्ण कशी करावी

पीएचडीला नंबर लागला का? अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे डोक्यात एखादा प्रश्न असंल तर तो काढून टाका, आपल्याकडं प्रश्न लागत नाही, टॉपिक लागतो. त्याचा साचा तयारच आहे, कशाचाही 'चिकित्सक अभ्यास', पुढं 'विशेष संदर्भ' आणि शेवटी जिल्हा. बीड कुणी केलं असंल तर परभणी घ्या, परभणी गेलं असंल तर हिंगोली हाय की, मराठवाड्यात आठ जिल्हे आहेत, पुरतात.

गाईड मात्र बघून धरा. नियमानं प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंटला चारच विद्यार्थी घेता येतात, त्यात प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, म्हणून ज्याला विषय कळतो त्याच्याकडं जागा नसती आणि जागा असती त्याचा विषय भलताच असतो. मग तुम्हीच विषय बदला, सोपं पडतं. सर पहिल्या भेटीत विचारतील, "गाडी चालवता येती का?" हो म्हणा, सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, नंतर बघता येईल. कॉलेजला ग्रेड देणाऱ्या नॅकच्या फायली लावणं, पेपरचे गठ्ठे आणून देणं, सरांच्या मेव्हण्याच्या लग्नात वाढायला उभं राहणं, हे खरं कोर्सवर्क. कागदावरचं १२ क्रेडिटचं कोर्सवर्क वेगळं, त्यात संशोधनातल्या नैतिकतेचा पण एक पेपर असतोय आणि त्याच्या झेरॉक्स नोट्स गेटसमोर मिळत्यात.

सहा महिन्याला प्रगती अहवाल द्यावा लागतो. 'संदर्भ साहित्याचा आढावा घेण्याचे काम प्रगतिपथावर आहे' असं लिहा, पुढच्या खेपेला तारीख बदला. व्हाइटनर लावू नका, झेरॉक्समध्ये दिसतं.

फेलोशिप हाय म्हणून खुश होऊ नका, ती कधी जमा होती ते बार्टीच्या, म्हणजे अनुसूचित जातीच्या पोरांना फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पोरांना विचारा, आंदोलन करून करून मुंबईचं आझाद मैदान पाठ झालंय त्यांना.

कॉपीची भीती वाटायली का? उगं. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमानं २०१८ पासून १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतंय आणि ६० च्या पुढं गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द, म्हणून पोरं घाबरतात, पण मराठीत टाईप करणाऱ्याला कसलं आलंय टेन्शन! जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला थिसिस म्हणजे मशीनला नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतोय, आख्खं प्रकरण उचललं तरी रिपोर्ट स्वच्छ. रिसर्च पेपरचं म्हणाल तर थिसिस जमा करायच्या आधी पेपर छापायची सक्ती युजीसीनं २०२२ ला काढून टाकली, तरी सर म्हणतील "दोन टाकूनच दे". पैसे भरले की आठ दिवसात छापणारे जर्नल आहेत, नावात 'इंटरनॅशनल' तेवढं बघून घ्या, ऑफिस कुठल्या का गल्लीत असंना.

आता व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा. इथं कंजूषपणा करू नका. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, लांबून येतात, स्टेशनवर वेळेआधी उभं राहा, एसी रूम बुक करा. थिसिस त्यांनी वाचला का, असलं विचारायचं नसतं, 'वेरूळ बघायचं का सर' एवढंच विचारायचं. सोबत मॅडम असतील तर घृष्णेश्वराचं दर्शन आधी, लेणी नंतर, आणि पैठणीच्या दुकानात तुम्ही दोन पावलं पुढं राहून काउंटर गाठा, सरांचा हात पाकिटाकडं जाता कामा नये, तसा तो जात पण नाही. हिमरू शाल, श्रीफळ, काजूकतली, फोटोवाला. व्हायवा खुला असतो, त्यामुळं गावाकडनं एक क्रूझर भरून माणसं आणा, त्यातलं कुणी प्रश्न विचारणार नाही. एक्स्टर्नल एकच विचारतील, "या संशोधनाचा समाजाला उपयोग काय?" खाली बघून म्हणा, "सर, पुढच्या संशोधकांना दिशा मिळेल." टाळ्या.

झालात डॉक्टर. चौकात फ्लेक्स लावा, फोटो कोटातला. मग तासिकेवर शिकवत राहा, बिल निघंल तवा निघंल. आणि परमनंट जागेसाठी संस्थाचालकाकडं जाल तवा थिसिस घरीच ठेवा, त्यांना वाचायला वेळ नसतोय. सातबारा घेऊन जा.