सेंत एमिलियों: वाइनपेक्षा गाव भारी
फ्रान्समधल्या बोर्दो शहराजवळच्या सेंत एमिलियों गावावर एक लेख वाचला, त्यात ते म्हणजे नुसतं वाइन टेस्टिंग असं वाटतं, पण खरी मजा त्या जुन्या गावात आहे राव! आम्ही चौघं मित्र बोर्दोहून ट्रेनने गेलो, स्टेशन गावाबाहेर, त्यामुळे द्राक्षमळ्यांमधून चालतच जावं लागतं आणि तेच बेस्ट. गावातलं जुनं चर्च अख्खं चुनखडीच्या एकाच खडकात कोरलंय, आत गाइडशिवाय सोडत नाहीत, तिकीट आधीच काढा. वर घंटाघर वेगळं, चढताना एका मित्राची पार वाट लागली. गल्ल्या इतक्या उभ्या आणि दगड गुळगुळीत की चांगले शूज मस्ट, तेही टेस्टिंगनंतर तर नक्कीच 😄 १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, मळ्यांसकट.