मिठाच्या पाण्याने हिरवळ बरी होत नाही

श्रावण लागला की आमच्या फोंडा तालुक्यात घरोघरच्या फोनवर तोच मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: "लॉनवर पिवळा-तपकिरी डाग म्हणजे बुरशी. एक बादली पाणी, एक वाटी मीठ, अर्धी वाटी खाण्याचा सोडा, भांड्यांच्या लिक्विडचं एक झाकण, सगळं ढवळून डागावर ओता. दोन दिवसांनी डागावर मूठभर युरिया टाका. गवत मुळापर्यंत कापा, रोज संध्याकाळी भरपूर पाणी द्या. नाहीच गेला तर दुकानातलं कुठलंही बुरशीनाशक मारा. चवथीपर्यंत अंगण हिरवंगार!"

चवथीला पाहुणे येणार, अंगण नीट दिसावं, ही इच्छा मला पूर्ण समजते. म्हणूनच हा मेसेज वाचून जीव कळवळतो. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य गवताच्या मुळावर उठलेलं आहे.

"डाग म्हणजे बुरशी." सगळी चूक इथूनच सुरू होते. आमच्या शेजारच्या काकींनी गेल्या पावसाळ्यात हे मिश्रण तीनदा ओतलं. डाग वाढतच गेला. मी जाऊन डागाच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढलं, तर सतरंजी उचलावी तसा तुकडा हातात आला. खाली मुळंच नव्हती. वीतभर माती उकरली, तर पांढऱ्या, इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या अळ्या. हुमणी. बुरशीचा तिथे काही संबंधच नव्हता, आणि मीठ ओतून अळी मरत नाही. उलट हुमणीवर चालणारा एक चांगला उपाय म्हणजे मेटारायझियम, आणि ती स्वतःच एक बुरशी आहे, अळीच्या अंगावर वाढून तिला मारणारी. डाग दिसला की बुरशीनाशक ओतणारा माणूस त्या मदतनिसालाही मारून टाकतो.

म्हणून आधी ओढून बघा. मग पहाटे, दव असताना, गुडघे टेकून पानं बघा. उन्हं वर आली की अर्ध्या खुणा पुसल्या जातात. रुपयाच्या नाण्याएवढे, गवताच्या वाळल्या काडीच्या रंगाचे ठिपके, पानावर मधोमध फिकट आणि कडेला तांबूस पट्टा, दवात कोळिष्टकासारखे तंतू: हा डॉलर स्पॉट. हात-दोन हात रुंद गोल, कडेला धुरकट काळपट कड, आणि पान ओढलं की बुडाशी कुजून सहज सुटून येतं: हा रायझोक्टोनिया बुरशीचा तपकिरी चट्टा, मेक्सिकन आणि कोरियन गवतावर नेहमीचा. पाणी वाहतं त्याच वाटेने लांबट पसरलेले, तेलकट, बुळबुळीत डाग आणि वर कापसासारखा थर: हा पिथियम, सगळ्यांत वेगवान, उकाडा आणि ओल दोन्ही असली तर एका रात्रीत पसरतो. चालल्यावर चपलेला नारिंगी पूड लागली तर तांबेरा. पानांवर राखाडी-काळी पूड नुसतीच बसली असेल आणि पाण्याच्या फवाऱ्याने निघून जात असेल तर तो स्लाइम मोल्ड; तो गवताला खातही नाही.

डाग फणसाच्या किंवा आंब्याच्या सावलीत आहे? मग तो बहुतेक वेळा रोगच नसतो, ऊन नसल्याने गवत विरळ झालेलं असतं. तिथे फांद्या उतरवा, नाहीतर सावलीत तगणारं रुंद पानाचं बफेलो गवत लावा. कुत्रा रोज एकाच जागी मुततो तिथला मधे जळका आणि कडेला गर्द हिरवा गोल तर ओळखूच येतो.

आणि गोलात अळंबीच्या छत्र्या उगवल्या असतील तर खाली जुनं लाकूड किंवा मूळ कुजत असण्याची शक्यता मोठी. इथे एक विनंती. आपल्याकडे पावसाळ्यात रोयणीवरच्या, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या, अळम्यांची आवड आहे, पण लॉनवरच्या छत्र्या खाऊ नका. हिरवट बीजाणूंची एक विषारी जात नेमकी अशा हिरवळीतच उगवते, आणि कोवळेपणी ती खाण्याजोग्या जातीसारखी दिसते.

"मीठ आणि सोडा ओता." हिशेब करू. वाटीभर मीठ म्हणजे दीडेकशे ते दोनशे ग्रॅम. १५ लिटरच्या बादलीत ते पडलं की लिटरमागे १० ते १३ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम असतं. म्हणजे तुम्ही अंगणात समुद्राचा तिसरा हिस्सा ओतताय. मिठाचं पाणी शेतात शिरलं की काय होतं हे गोमंतकीयाला कुणी सांगायला हवं का? खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांतले, बांध आणि मानशी (पाणी अडवायची दारं) आपल्या पूर्वजांनी त्याचसाठी तर उभारल्या. बांध फुटला की शेत पडीक पडतं, ही गोष्ट मांडवी-जुवारीच्या काठावरचा प्रत्येक शेतकरी जाणतो. तेच खारं पाणी आपण आपल्या हाताने मुळांना पाजायचं?

सोड्यातही सोडियमच. पानांवरच्या भुरी रोगावर बायकार्बोनेटचा थोडा उपयोग होतो हे खरं, पण हिरवळीचा कुजवा पानाच्या बुडाशी, मातीलगत असतो. सोडा तिथे काय करणार? शिवाय सोडियमने चिकणमातीचे कण सुटे होतात, माती घट्ट बसते, पाणी मुरत नाही, आणि साचलेलं पाणी पिथियमला हवंच असतं. भांड्यांचं लिक्विड पानावरचा मेणाचा पातळ थर धुऊन टाकतं, मग ऊन पडलं की पान करपतं.

"पण आमच्याकडे गुण आला!" असं सांगणारे भेटतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उघड्यावरचं बरंचसं मीठ तो धुऊन नेतो. मग भाद्रपदात उघडीप मिळते, ऊन पडतं, गवत जोमाने वाढतं आणि तांबेऱ्यासारखे रोग आपसूक मागे हटतात. गुण उन्हाचा, नाव मिठाचं. पाऊस संपत आल्यावर ओतलेलं मीठ मात्र तिथेच राहतं.

"मूठभर युरिया." युरियात ४६ टक्के नत्र. एका वेळी चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र पुरतं, म्हणजे जेमतेम ११ ग्रॅम युरिया. मूठभर वीतभर डागावर टाकला तर गवत जळणारच. पण प्रमाणापेक्षाही मोठी गोष्ट वेगळी आहे. डॉलर स्पॉट आणि तांबेरा उपाशी गवतावर येतात. तिथे थोडं नत्र हेच औषध. तपकिरी चट्टा आणि पिथियम भरपूर नत्राने कोवळ्या, लुसलुशीत झालेल्या गवतावर तुटून पडतात. तिथे तेच नत्र आगीत तेल. रोग ओळखल्याशिवाय युरियाच्या पिशवीला हात लावायचा नाही तो यासाठी.

"मुळापर्यंत कापा, संध्याकाळी पाणी द्या." श्रावणात गोव्यात लॉनला पाणी द्या म्हणणाऱ्याने आपला पाऊस पाहिलेलाच नाही. पावसाळ्यानंतर पाणी द्यायचं ते भल्या सकाळी, म्हणजे पान दिवसभर सुकतं. संध्याकाळचं पाणी रात्रभर पानावर राहतं आणि बीजाणूंना रुजायला तेवढंच हवं असतं. कापताना उंचीचा तिसरा हिस्साच काढा. खांद्यावरच्या ग्रास कटरने माती दिसेपर्यंत तासलेली हिरवळ मी खूप पाहिली आहे. ते पिवळे पट्टे रोगाचे नसतात, पात्याचे असतात. ओलं, रोगट गवत कापू नका आणि पातं धुतल्याशिवाय दुसऱ्या अंगणात नेऊ नका.

"कुठलंही बुरशीनाशक." आपल्या कुळागरवाल्यांना, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागा राखणाऱ्यांना, विचारा. पोफळीच्या कोळेरोगासाठी (सुपारी कुजून गळते त्या रोगासाठी) ते पावसाआधी बोर्डो मिश्रण मारतात, एक टक्क्याचं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १०० लिटर पाणी. त्यांना रोग माहीत असतो, औषध ठरलेलं असतं, वेळ ठरलेली असते. पिथियम हा त्या कोळेरोगाच्या जंतूचाच भाऊबंद, खरी बुरशी नव्हेच. त्यामुळे रायझोक्टोनियावर चालणारं कार्बेन्डाझिम पिथियमवर फुकट जातं. तिथे मेटॅलॅक्सिल लागतं. चुकीची बाटली आणली की पैसे जातात, रोग वाढतो आणि ज्या विहिरीचं पाणी आपण पितो तिच्याकडे ते औषध वाहत जातं.

ओळख पटत नसेल तर नमुना न्या. डागाच्या कडेचा, अर्धा आजारी आणि अर्धा निरोगी असा तळहाताएवढा तुकडा मुळांसकट, चार बोटं मातीसह काढा. मधला मेलेला भाग नको, त्यात काही कळत नाही. कुठलीही फवारणी करण्याआधी काढा, वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको, आणि त्याच दिवशी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुन्या गोव्याला एला इथल्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा. डागाचा पहाटे काढलेला फोटो सोबत असू द्या, आणि शेवटचं खत कधी घातलं तेही आठवून जा. पहिला प्रश्न तोच विचारतील.