डिझेलच्या गाडीची फिस्स

माझ्या पिकअपला डिझेल लागतं, दरवर्षी इन्शुरन्स लागतो आणि अधूनमधून क्लचप्लेट लागते. ब्लो-ऑफ व्हॉल्वही लागतो, हे मला भाच्यानं सांगितलं. गाडी तोच चालवतो. त्यामुळे गाडीबाबतचे सगळे शोध त्याला लागतात आणि सगळी बिलं मला.

"मामा, गिअर बदलला की फिस्स्स आवाज येतोय बघा. नाद खुळा!"

"अरे, पण तो व्हॉल्व करतोय काय?"

"करतोय काय म्हंजे? आवाज करतोय की!"

इतका प्रामाणिक खुलासा मला कुठल्याच मिस्त्रीकडून मिळाला नाही. कारण या व्हॉल्वचं खरं घर पेट्रोलच्या टर्बो गाडीत, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेल्या गाडीत. तिथं पाय उचलला की हवेच्या वाटेवरची थ्रॉटलची झडप मिटते. टर्बो मात्र मिनिटाला लाखभर फेरे घेत असतो, तो काही तिथल्या तिथं थांबत नाही. मग दाबलेली हवा, हॉलचं दार लागल्यावर बाहेर अडकलेल्या वरातीसारखी, मागं रेटते आणि टर्बोच्या पंख्यालाच धडकते. तिला वाट काढून द्यायला हा व्हॉल्व. डिझेल इंजिनाचा कारभार निराळा. तिथं जोर कमी-जास्त होतो तो डिझेल कमी-जास्त सोडून. हल्लीच्या काही इंजिनांत झडप असते, पण तिची कामं वेगळी. आमच्या गाडीत तर तीही नाही. पाय उचलला तरी हवा गुमान इंजिनात जाते.

म्हणजे व्हॉल्वला इथं कामच नाही. म्हणून त्याला काम लावून द्यावं लागतं. दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणारा चांगला होज कापायचा, मध्ये तीन तोंडांचा टी घालायचा, त्यावर व्हॉल्व बसवायचा, पेडलपाशी एक बटन आणि बटनापासून व्हॉल्व उघडणाऱ्या सोलेनॉइडपर्यंत वायर. पाय उचलला की बटन सुटतं आणि टर्बोनं कष्टानं दाबलेली हवा बोंब मारत रस्त्यावर.

आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं 1905 साली टर्बोचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर पंखा फिरवायचा आणि इंजिनात जादा हवा कोंबायची. जहाजांच्या इंजिनांवर ते नीट जमायला पुढची वीसेक वर्षं गेली. त्यानं वाया जाणारं कामाला लावलं, आमच्या मिस्त्रीनं कामाचं वाया घालवलं. मजुरी वेगळी.

भाच्याच्या डोक्यात हे खूळ भरवलं हायवेवरच्या मोठ्या ट्रकांनी. पण त्यांची फिस्स टर्बोची नसतेच! त्यांना एअर ब्रेक. टाक्यांत पुरेशी हवा भरली की एअर ड्रायर साठलेलं पाणी हवेच्या झोताबरोबर बाहेर फेकतो, तो तो आवाज. आमच्या पिकअपला ऑइल ब्रेक. हे सांगितलं तर भाचा म्हणाला, "मग एअर ब्रेक बसवूया का?" मी विषय बदलला.

आवाज आला, पण फुकट येईना. आधी बूस्ट पाहिजे, टर्बोच्या हवेचा दाब. म्हणजे आवाज काढायचा तर आधी पाय दाबायचा आणि मग उचलायचा. मोकळ्या रस्त्यावर ठीक, पण हा गडी मार्केट यार्डात शिरतानाही दाब-उचल, दाब-उचल. मागं बसलेला हमाल प्रत्येक फिस्सला टायर बघायला वाकायचा. नंतर त्यानं वाकणं सोडलं. आणि त्या आठवड्यात एकदा खरंच पंक्चर झालं तेव्हा कुणी बघितलंच नाही.

खरी मजा मे महिन्यात. रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरून आम्ही साखरप्यावरून आंबा घाटाला लागलो. चढ सुरू झाला आणि गाडीनं मान टाकली. तिसऱ्यात ओढेना, दुसऱ्यात रडे, मागं काळा धूर. एसटी आम्हाला ओलांडून गेली आणि खिडकीतल्या एका आजींनी नाकाला पदर लावून आमच्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं. वळणावर थांबून बॉनेट उघडलं. टीच्या भोवती तेलकट ओल, तिच्यावर धूळ बसून काळा राडा झालेला. व्हॉल्वची स्प्रिंग इतकी मऊ, की बूस्ट चढला की तो आपणहून किलकिला व्हायचा. इंजिनाला डिझेल पुरेपूर, हवा निम्मी. धूर होणार नाही तर काय होणार!

"मामा, पण आवाज बारीक येतोय की अजून," भाचा कान लावून म्हणाला.

वायर उपटली तरी गळती तशीच, कारण दोष स्प्रिंगचा. शेवटी भाच्याच्याच पाण्याच्या बाटलीचं बूच व्हॉल्वच्या तोंडावर ठोकून वरून ट्यूबची पट्टी करकचून बांधली आणि रडतखडत वर पोचलो. कोल्हापुरात उद्यमनगरात दुसऱ्या मिस्त्रीकडून अख्खा होज नवा घातला. काढलेला व्हॉल्व भाच्यानं फडक्यात गुंडाळून घरी नेला.

आता गिअर बदलताना तो तोंडानंच फिस्स करतो. लीकेज नाही, अ‍ॅव्हरेज पूर्ववत आलंय, आणि घाट लांबला की दमून आपोआप गप्प बसतो.