फणीला मी कंगवा म्हणालो होतो

रावेरकडच्या एका केळी पॅकहाउसच्या ऑफिसात मी कागदपत्रं बघतो. बाहेरदेशी जाणाऱ्या कंटेनरचं इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि दुबईच्या व्यापाऱ्याशी मेल. पहिल्याच महिन्यात मी त्याला इंग्रजीत कळवलं की प्रत्येक पेटीत सहा 'कोम्ब' आहेत. घडाच्या एकेका थराला आपण फणी म्हणतो आणि डिक्शनरीत फणीला कोम्ब दिलंय, मग चूक कुठे? त्याचं उत्तर आलं : कंगवे आम्ही मागवलेले नाहीत, बिलात लावू नका.

ऑफिसात आठवडाभर मला 'कंगवा शेठ' म्हणत होते. इंग्रजीत फणीला हँड म्हणतात आणि सुट्या केळ्याला फिंगर, हे तेव्हा कळलं. त्यांना हाताची बोटं दिसली, आपल्याला कंगव्याचे दात दिसले. नंदुरबारच्या एका ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, आमच्याकडे गुजराती व्यापारी लूम म्हणतात. लाज वाटायच्या ऐवजी मला त्या दिवशी मजा वाटली, आणि माझं इंग्रजी सुधारायला सुरुवात तिथून झाली.

त्याआधीची वीस वर्षं मी इंग्रजीच्या मागे काठी घेऊन लागलो होतो. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, घरात अहिराणी. शाळेत एक सर होते, अहिराणी शब्द तोंडातून निघाला की वर्गासमोर उभं करायचे. "शुद्ध मराठी येत नाही, इंग्रजी काय येणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढे जळगावला दोनदा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी असा बोर्ड होता. काळांचा तक्ता पाठ झाला, तोंड मात्र उघडलं नाही.

आता माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. इंग्रजी येत नाही म्हणणाऱ्या आपल्यातल्या पुष्कळ जणांना व्याकरण येतं, शब्दही बऱ्यापैकी येतात. येत नाही ते चारचौघांत चुकणं. इंग्रजीत चुकलं की माणसाची किंमत कमी होते, असं आपण लहानपणीच गिळून बसलोय. गुजरातीत चुकलं तर समोरचा हसतो, दुरुस्त करतो आणि चहा सांगतो. चुकायची सवय मला गुजरातीने लावली. तीच सवय इंग्रजीत घेऊन गेलो.

गुजराती मी नवापूरच्या फेऱ्यांमध्ये शिकलो. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिकीट खिडकी इकडे आणि स्टेशन मास्तर तिकडे. अनाउन्समेंट चार भाषांत होते. गाडीची वाट बघत तीच सूचना चारदा ऐकली की कुठली भाषा क्रियापद कुठे ठेवते ते आपोआप कानात बसतं. दुकानांच्या पाट्या वाचून लिपी आली. देवनागरीच्या डोक्यावरची रेघ काढली की अर्धी अक्षरं ओळखीची. शिवाय 'आहे'ला त्यांचं 'छे' आणि आमच्या अहिराणीचं 'शे' मावसभाऊच. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनने 1907 च्या खंडात खानदेशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, मराठीत न घालता भिल्ल भाषांच्या पंगतीत बसवलं होतं. 2011 च्या जनगणनेतही खानदेशीची नोंद वेगळी आहे, साडेअठरा लाखांच्या आसपास माणसं. ज्या बोलीसाठी मी वर्गात उभा राहिलो ती अशुद्ध मराठी नव्हतीच, तिचा वेगळा हिशोब होता. सरांना हे सांगायचं राहून गेलं.

आणि त्याच अहिराणीने माझं इंग्रजी दुरुस्त केलं. "आय ॲम नोइंग", "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" ही आपली ठरलेली वाक्यं. 'मला माहीत आहे' मधल्या आहेचं ॲम होतं आणि पुढे आयएनजी चिकटतो. क्लासमध्ये अशा क्रियापदांची यादी पाठ करायला दिली होती, ती परीक्षेपुरती टिकली. एक दिवस आईचा फोन आला, "काय करी राहिना?" म्हणजे काय करतोयस, आणि डोक्यात दिवा लागला. जिथे 'राहिना' बसतं तिथे आयएनजी. मी लिही राहिनू, बरोबर. पण 'माले दोन भाऊ असी राहिनात' असं कोणी म्हणेल का? आई झाडूच घेईल हातात. तेव्हापासून मेल लिहिताना मनात राहिना लावून बघतो. ही युक्ती सगळीकडे चालत नाही. 'समजी राहिनं' आपण म्हणतो, तिथे इंग्रजीत आयएनजी नको असतो. पण दहातल्या आठ चुका गेल्या.

'अ' आणि 'द' चं प्रकरण जास्त दिवस छळत होतं. आखाती मालामुळे मोबाइलवर थोडी अरबी सुरू केली. केळं म्हणजे मौझ, आणि ठरावीक केळं म्हणजे अल-मौझ. (आपलं 'अलबत' त्याच अलचं.) वाटलं, सुटलं कोडं, द म्हणजे अल! पण अरबीत सरसकट गोष्टीलाही अल लागतो. त्यामुळे महिनाभर मी "द लाइफ इज हार्ड" छापाचं इंग्रजी लिहीत होतो. नव्या भाषा नव्या चुकाही आणतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

कोडं सुटलं घरीच. चुलतभावाचं लग्न जमवायचं चाललं होतं. काकू म्हणाल्या, "मुलगी बघायला गेले होते." दोन दिवसांनी म्हणाल्या, "मुलीला बघायला दवाखान्यात गेले होते." पहिल्या वाक्यातली मुलगी कोणतीही, अजून ठरायची. दुसऱ्यातली ठरलेली, त्यांची स्वतःची. तो 'ला' लागला की नाही, एवढाच फरक. पहिली 'अ गर्ल', दुसरी 'द गर्ल'. म्हणजे ही जाण आपल्याकडे होतीच, फक्त शब्दाच्या शेपटीत लपलेली. अरबी शिकलो नसतो तर मी तिथे बघितलंच नसतं.

स्पेलिंगच्या बाबतीतही तसंच. 'नो' म्हणजे जाणणे, त्यातला न बोलला जाणारा के मला शाळेपासून खुपायचा. मग वाचलं की तो आणि आपला 'ज्ञ' एकाच मुळाचे. मराठीत आपण ज्ञान वेगळ्या तऱ्हेने म्हणतो, हिंदीवाले ग्यान म्हणतात, गुजरातीत ग्नान, आणि वारकरी ग्यानबा. ज्याने त्याने आपापल्या तऱ्हेने मोडला, इंग्रजांनीही. या शब्दावर आता राग उरला नाही. पगार हा शब्द पोर्तुगीज 'पगार' मधून आला आणि इंग्रजी 'पे' त्याच लॅटिन मुळातून, हे कळल्यावर पगाराच्या तारखेला दोन्ही आठवतात.

याचा अर्थ इंग्रजी न वाचता इंग्रजी येईल असा नाही. मी रोज एक इंग्रजी उतारा वाचतो, तो अहिराणीत मोठ्याने सांगतो आणि तासाभराने अहिराणीवरून परत इंग्रजीत लिहितो. मूळ उताऱ्याशी ताडून पाहिलं की आपण कुठे मराठीत विचार करून घसरलो ते दिसतं. फुकट आहे, फक्त बायको विचारते की एकटेच काय बडबडताय.

राग येतो तो एकाच गोष्टीचा. इंग्रजी मीडियममध्ये घातलं म्हणून पोरांशी अहिराणी बंद करतात, आणि घरात "बेटा, वॉटर पिऊन घे" सुरू होतं. पोराला ना इंग्रजी मिळतं ना आजी. साने गुरुजी 1924 ते 1930 आमच्या अमळनेरात शिक्षक होते. पुढे त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडचे कैदी भेटले, तिथून त्यांना एकमेकांच्या भाषा शिकण्याची ओढ लागली आणि तिचीच पुढे आंतरभारती झाली. आपण त्यांचे फोटो लावतो, शेजारच्या गुजराती माणसाशी मात्र हिंदीत बोलतो.

दुबईचा तो व्यापारी मल्याळी निघाला. त्याच्याकडून कळलं की त्याच्या भाषेत मी जातो, ती जाते, ते जातात, सगळ्यांना क्रियापद एकच. आपल्याकडे जातो, जाते, जातं, जातोस, जातेस, जातात. इंग्रजीने बदल ठेवला तो एका एसचा, आणि मी त्याच्यासाठीही कुरकुर करत होतो! त्याने मला पळम, म्हणजे केळं, शिकवलं, मी त्याला फणी. परवा त्याचा मेल आला : "टू फणी डॅमेज्ड इन वन बॉक्स." मध्ये 'वेअर' हवं होतं. मी काही बोललो नाही, क्रेडिट नोट काढून पाठवली.