पेपर आहेत म्हणून डोळे झाकून पिल्लू घेऊ नका

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर असले की पिल्लू बिनधास्त घ्या, ३५ दिवसांचं घ्या, लळा लवकर लागतो, पहिलं इंजेक्शन झालंय ना, मग काळजी नाही, आणि चांगले ब्रीडर इन्फेक्शनच्या भीतीने घरी बोलवत नाहीत, पिल्लू आणून देतात. आमच्या मजल्यावर पुढच्या आठवड्यात असंच एक लॅब्राडॉर येणार आहे, म्हणून घाईने लिहितेय.

आधी पेपर. केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं, तब्येत नाही. लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, आई-बापाकडून येऊ शकतं. वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यातही ते असतं. पक्कं कळायला दोन वर्षांचं झाल्यावर एक्स-रे काढावा लागतो. म्हणून ब्रीडरला सरळ विचारायचं, आई-बापाचे हिपचे एक्स-रे दाखवता का? "आमच्या लाइनमध्ये तसलं काही नाही" असं उत्तर आलं तर टोकन देऊ नका. शिवाय केसीआयची नोंद वेगळी आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडची नोंद वेगळी. कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार ही दुसरी बंधनकारक आहे. तिचा नंबर मागा.

त्याच नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे ३५ दिवसांचं पिल्लू देऊ करणारा नियम मोडतोय, हे तिथेच कळतं. आणि लळ्याचं म्हणाल, तर पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांत असायला हवं. जोरात चावलं की भावंड केकाटतं, खेळ थांबतो. दात किती लावायचे हे ते तिथे शिकतं. माणसाचा लळा दोन महिन्यांनंतरही लागतोच.

इंजेक्शनबद्दल मात्र मला शांतपणे लिहिता येत नाही. चार वर्षांपूर्वी ऐरोलीत पुलाखाली, गाडीच्या खिडकीतून आम्ही पिल्लू घेतलं. वेफर्सचं खोकं, तळाला ओला पेपर. कार्डावर लशीचं स्टिकर होतं, तारीख होती, डॉक्टरचा सही-शिक्का नव्हता. ते माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. चार दिवस पिल्लू घरभर पळत होतं. पाचव्या दिवशी उलट्या, मग रक्ताची शी. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार. पुढचे तीन दिवस सलाइनची सुई लावलेला तो इवलासा पाय मी धरून बसले होते. आठव्या दिवशी ते गेलं.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस जातात, म्हणजे घेताना खेळकर दिसणारं पिल्लू आजार घेऊनच आलेलं असू शकतं. आणि आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत पहिली लस वाया जाऊ शकते, म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. एका इंजेक्शनवर निर्धास्त राहता येत नाही.

इन्फेक्शनची भीती खरी आहे. पार्व्हो चपलांवरूनही येतो. पण त्यासाठी चांगला ब्रीडर चपला बाहेर काढायला लावतो, हात धुवायला लावतो, दुसरीकडची पिल्लं बघून आला असाल तर आज येऊ नका म्हणतो. आईला लपवत नाही. तिला पाहाच. बरगड्या किती दिसतात, जमिनीला वास कसला येतो, माणूस दिसल्यावर ती शेपूट हलवते की कोपऱ्यात जाते. तिचं वय आणि हे कितवं वेत, तेही विचारा. त्याच २०१७ च्या नियमांनुसार दीड वर्षाच्या आत, आठ वर्षांनंतर किंवा वर्षात दोनदा तिला वेत घ्यायला लावता येत नाही, आयुष्यात पाचच्या वर तर नाहीच.

आमचं आत्ताचं पिल्लू नेरुळच्या एका बाईंकडचं. पहिल्या फोनवर त्यांनीच मला अर्धा तास प्रश्न विचारले: दिवसभर घरी कोण असतं, गावी जाताना कुठे ठेवाल, याआधीचं कुत्रं कशाने गेलं. ते सांगताना मी रडले, तर थांबल्या. पिल्लू नाही जमलं तर आयुष्यात कधीही परत आणून द्या, असं कागदावर लिहून दिलं. मे महिन्यात फोन केला होता, पिल्लू हातात आलं डिसेंबरात.