मागं बस, सोडतो!

कोल्हापुरात माणूस एकटा चालत निघाला की दोनच शक्यता धरतात. एक तर गाडी बंद पडलीय, नाहीतर घरात वाजलंय. तो पानं-फुलं बघत, काही सुचतंय का याची वाट पाहत निघाला असेल, ही तिसरी शक्यता अजून इथं कुणाच्या मनाला शिवलेली नाही. त्यामुळं मोबाइल हातात धरून पिंपळाखाली मान वर करून उभं राहिलं की मिनिटाच्या आत शेजारी मोटारसायकल थांबते.

"काय झालं? पेट्रोल संपलं? मागं बस, सोडतो."

"नाही रे, फिरायला आलोय."

"मग बस की. फिरवून आणतो."

यावर काय बोलणार? माणूस मनापासून म्हणतोय. नको म्हटलं तर राग येतो आणि बसलं तर तो थेट मिसळीच्या दुकानापुढं गाडी लावतो. माझ्या कित्येक निसर्गसहली कटाच्या दुसऱ्या वाटीपाशी संपलेल्या आहेत.

हे फिरण्याचं खूळ डोक्यात घातलं भाचीनं. ती कमर्शियल आर्ट शिकते. माझा धंदा लग्नपत्रिका आणि डिजिटलचा. डिजिटल म्हणजे चौकात लागतो तो वाढदिवसाचा फलक. बाहेरगावचे लोक त्याला फ्लेक्स म्हणतात. गिऱ्हाईक येतं, पंख्याखालची खुर्ची धरतं आणि म्हणतं, "काहीतरी येगळं पाहिजे. जगात भारी." मग मोबाइलमधून चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका काढून पुढं धरतं, "सेम असं." या 'येगळं' आणि 'सेम' यांच्या मधल्या चिंचोळ्या बोळात मी निम्मं आयुष्य काढलं. तोच मोर, तोच कलश, तीच सनई. एके दिवशी भाची दुकानात आली, स्क्रीनवरचा मोर बघितला आणि म्हणाली, "मामा, तू आटलायस."

तिचा उपाय सोपा होता. सकाळी चालायचं, दिसेल त्याचे फोटो काढायचे, खाली पडलेली पानं गोळा करायची आणि रात्री बसून त्याचं कोलाज करायचं. सुचायचं ते आपोआप सुचतं म्हणे. पुराव्यादाखल तिनं इंग्लंडातल्या मेरी डिलेनी नावाच्या बाईंची गोष्ट सांगितली. अठराव्या शतकातल्या या बाईंनी सत्तरी ओलांडल्यावर रंगीत कागद कातरून काळ्या कागदावर फुलं चिकटवायला सुरुवात केली. एकेका फुलाला कागदाचे शेकडो बारीक तुकडे. नजर साथ देईना तेव्हाच थांबल्या. तोवर ९८५ चित्रं झाली होती आणि ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

मी भारावून गेलो. बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तिला सकाळी दुकान उघडायचं नव्हतं."

सुरुवात अर्थातच रंकाळ्यापासून केली. चित्रकार आबालाल रहिमान यांनी हा रंकाळा, तो पाण्यातला संध्यामठ, गावाभोवतीची झाडी रंगवली. ते गेले १९३१ साली. त्यांच्या वेळी उजेड कसा शांतपणे पाण्यावर उतरत असेल! माझ्या वेळी उजेड उतरला तो चालणाऱ्यांच्या ट्रॅकसूटवर. शालिनी पॅलेसच्या बाजूला ताडाची झाडं, मागं धुकं, पाण्यावर कोवळं ऊन, असा चांगला चौकोन मी मोबाइलमध्ये जमवला, तर त्यात उजवीकडून डिजिटल घुसलं. जरा सरकलो तर डावीकडून दुसरं. गुडघ्यावर बसलो तर वरून तिसरं. 'भावाचा वाढदिवस, चर्चा तर होणारच.' तिन्ही माझ्याच दुकानातून गेलेली. त्यातल्या एकाचे निम्मे पैसे अजून यायचेत, हे त्या प्रसन्न सकाळी आठवलं आणि सुचायचं जे काही वाटेत असेल ते तिथूनच मागं फिरलं.

मग पक्ष्यांकडं वळलो. पाण्यात वारकरी पोहत होता. हा पक्षी काळाकुळकुळीत असतो, कपाळावर पांढराशुभ्र टिळा, आणि पाण्यावरून उडायचं झालं तर आधी बरंच अंतर फडफडत पळतो. तो क्षण टिपावा म्हणून मी कठड्यावर वाकून एकटक पाण्यात बघत बसलो. कोल्हापुरात पाण्याकडं एकटक बघणं धोक्याचं. शेजारी एक काका थांबले. त्यांना बघून दोघं, त्या दोघांना बघून दूधवाला. मागून कुणीतरी विचारलं, "कोण पडलं?" दुसऱ्यानं सांगितलं, "अजून वर आलं न्हाई." एकानं फायर ब्रिगेडला लावायला फोन काढला. मी हात हलवून सगळ्यांना सांगितलं, अहो, पक्षी आहे, पक्षी. गर्दीत शांतता पसरली. मग दूधवाला कीव आल्यागत म्हणाला, "पक्षी व्हय? मग घरी जावा की." तोवर वारकरी फडफडत पळून, उडून, पार पलीकडच्या केंदाळात जाऊन बसला होता.

विद्यापीठाच्या आवारात झाडी भरपूर, माणसांची वर्दळ कमी आणि मोर आहेत. एक अगदी समोर आला. मी तोंड फिरवलं. मोर मी आयुष्यात पुरेसे छापलेत.

चतुर मात्र आवडला. कळंबा तलावाच्या काठाला गवताच्या काडीवर बसायचा, पंख आडवे पसरून. मी श्वास रोखून, बोट उचलून, पाय न वाजवता जवळ जायचो आणि नेमका त्याच क्षणी तो उठून बरोबर वीतभर पलीकडच्या काडीवर बसायचा. याच गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली स्वतःच्या हातानं चित्रपटाचा कॅमेरा तयार केला. आम्हा कोल्हापूरकरांना कॅमेऱ्याचा अभिमान जन्मजात असतो. तो अभिमान उराशी धरून मी चिखलात उकिडवा बसलेलो असताना वरून आवाज आला, "काय हरवलं काय?" आणि तीन अनोळखी माणसं माझ्याबरोबर गवतात शोधायला लागली. काय शोधायचंय हे कुणी विचारलं नाही. त्यातल्या एकाला दहाचं नाणं सापडलं. ते त्यानं माझ्या हातावर ठेवलं, समाधानानं, आणि तिघं निघून गेले.

पानं गोळा करणं त्यामानानं सोपं वाटलं होतं. पानं दाबायला वजन लागतं. माझ्याकडं पत्रिकांच्या नमुन्यांचे जाड अल्बम होते. वर्तमानपत्रात पानं पसरायची, वर अल्बम ठेवायचे, कागद दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा. नाहीतर आपल्याकडच्या पावसाळी हवेत पानाला बुरशी धरते. पण दुकानातल्या पोरानं ऐन लगीनसराईत ते अल्बम नेहमीप्रमाणं गिऱ्हाइकापुढं टाकले. शिरोळकडच्या एका पार्टीनं सातशे रुपये शेकड्याच्या पत्रिकेतून बाहेर पडलेलं वाळकं बदामाचं पान बराच वेळ उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "ह्ये पत्रिकेबरोबर फ्री हाय का जादा पैशे?"

पिंपळाच्या जाळीदार पानाचं प्रकरण बायकोपर्यंत गेलं. हिरवं पान काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवलं की त्याचा गर कुजतो. मग मऊ ब्रशनं हलकेच घासत धुतलं की शिरांची जाळी तेवढी उरते. करायला छान, पण 'गर कुजतो' या दोन शब्दांत बादलीतून काय वास सुटतो ते येत नाही. बायकोनं न्हाणीघर शोधलं, मोरी शोधली, माळ्यावर उंदीर मेलाय म्हणून शेजारच्या पोराला चढवलं. बादली सापडल्यावर ती काही बोलली नाही. बॅग काढली. "मी माहेरी चाललो. वास गेला की फोन कर." माहेर रविवार पेठेत आहे, रिक्षानं दहा मिनिटं. तरीही बॅग काढली, यावरून वासाची कल्पना यावी. पान मात्र निघालं झकास: देठापासून टोकापर्यंत एक शीर, तिच्यातून फुटलेल्या, त्या फुटलेल्यांतून आणखी फुटलेल्या, आणि उजेडाला धरलं की आरपार सगळी पेठ दिसते.

ते पान, चार लग्नपत्रिकांचे काठ, एक बसचं तिकीट आणि रंकाळ्याचा फोटो असं सगळं पुठ्ठ्यावर चिकटवून मी भाचीला दाखवलं. तिनं बघितलं, मग मान वळवून दुकानातल्या स्क्रीनकडं बघितलं. तिथं एका युवा नेत्याचं डिजिटल चाललं होतं. चोवीस शुभेच्छुक. प्रत्येकाचं डोकं वेगळ्या फोटोतून कातरलेलं. कुणी गॉगलात, कुणी लग्नातल्या फेट्यात, एक तर आधारकार्डावरचा. ती म्हणाली, "मामा, १९१२ साली पिकासोनं वेताच्या खुर्चीची वीण छापलेलं मेणकापड चित्रावर चिकटवलं, कडेनं दोर गुंडाळला आणि जगभर गाजावाजा झाला. तू तर वीस वर्षं हेच करतोयस."

मी जरा ताठ बसलो. पिकासोला एक सोय होती, हे मात्र तिला सांगावं लागलं. त्याच्या दोराला कुणी विचारलं नाही, की तू खुर्चीच्या खाली का? माझ्याकडं डोकी पदाप्रमाणं लावावी लागतात. अध्यक्षापेक्षा उपाध्यक्षाचा चेहरा सुताभरानं मोठा झाला तर रात्री अकराला दोन्ही गट दुकानापुढं. फोटोत मुळातच ज्याचं तोंड मोठं त्याचं काय करायचं, हे कुठल्या आर्ट कॉलेजात शिकवतात ते मला कळवावं.

डिसेंबरात गाव सोडून लांब गेलो, प्रयाग चिखलीच्या वाटेला. तिथं नद्यांचा संगम होऊन पंचगंगा होते आणि दोन्ही अंगाला नजर जाईल तिथवर ऊस. सूर्य नुकता वर येत होता आणि उसाला तुरा आला होता. आख्खं शिवार रुपेरी. मी उन्हाकडं तोंड करून, तुरा मधे घेऊन, स्क्रीनवर बोटानं उजेड कमी केला, तेव्हा एकेक केस वेगळा दिसायला लागला. टोकाला चांदी, मुळाशी किंचित जांभळी झाक, आणि वारा आला की सगळं एका बाजूला कलायचं. कुणी थांबलं नाही. कुणी विचारलं नाही. आता काहीतरी सुचणार, असं अगदी जवळ आलं होतं.

एम-एटी थांबली. मागं वैरणीचा भारा, वर एक आबा.

"काय बघायलायसा?"

"तुरा बघतोय, आबा. काय सुंदर दिसतोय!"

आबांनी तुऱ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग गाडी स्टँडला लावली. हे वाईट लक्षण असतं.

"सुंदर?" ते म्हणाले. "पाव्हणं, तुरा आला म्हंजे उसाची वाढ संपली. आता आतनं दशी पडणार, वजन जाणार, साखरेचा उतारा जाणार. कारखान्याला नोंद येळेवर, लागण येळेवर, आनि ऊसतोडीच्या टोळीचा पत्त्या न्हाई. रोज सकाळी ह्यो बघितला की माझ्या पोटात गोळा येतोय. आनि तुमी म्हंताय सुंदर."

बोलता बोलता त्यांनी भाऱ्यातला विळा काढला, एक ऊस तोडला, उभा चिरला आणि माझ्या नाकापुढं धरला. कडेनं रस होता. मधोमध कापसासारखी पांढरी, कोरडी दशी. मी तिचाही फोटो काढला. काय करणार, हात गप्प बसेना.

"काढला न्हवं?" आबा म्हणाले. "मग आता माझा काढा. उसाम्होरं. आनि कारखान्याला पाठवा."

टोपी सरळ केली, चिरलेला ऊस छातीशी धरला आणि ते उभे राहिले. मागं तुरा, बाजूनं कोवळं ऊन, चेहऱ्यावर हंगामाचा सगळा संताप. इतका चांगला फोटो माझ्या हातून आधी निघाला नव्हता आणि नंतरही नाही. खाली मजकूर त्यांनीच सांगितला, गट नंबरासकट. तो फोटो दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. पुढं त्यांच्या फडात टोळी आली. पाळी आली म्हणून आली का फोटोमुळं आली, देव जाणे, पण श्रेय मला मिळालं. तेव्हापासून मला आसपासच्या गावांतून फोन येतात. "तुरा काढणारं तुमीच न्हवं? आमच्याकडं कवा येतासा?" आता मला कुणी लिफ्ट देऊन मिसळीला नेत नाही. थेट बांधावर नेतात.

आबा स्वतः दुकानात आले ते नातवाच्या जावळाचं डिजिटल करायला. काहीतरी येगळं पाहिजे, असं म्हणाले, पण चुलतभावाचं काही काढून दाखवलं नाही. मी धीर करून माझी सगळी कोलाजं टेबलावर पसरली. त्यांनी जाळीदार पान उजेडाला धरून बघितलं, हसले, म्हणाले, "ह्ये घ्या. पोराच्या डोस्क्यामागं घ्या. लई भारी." मग बोट वर केलं. "तुरा सोडून काय पन टाका."

शुभेच्छुकांची यादी आणि फोटोंचं पाकीट त्यांनी पुढं सरकवलं. पहिलं नाव आमदारांचं असतं, तसं मी ते वरती लावायला घेतलं. आबांनी माझा हात धरला आणि पाकिटातून एका मिसरूड फुटलेल्या पोराचा पासपोर्ट फोटो काढून स्क्रीनवर सगळ्यांच्या वर टेकवला.

"ह्यो कोण?"

"कारखान्याचा चिटबॉय. तोडीची चिठ्ठी ह्योच देतो. ह्याचा जरा मोठा घ्या. खालचा खोडवा तोडायचा ऱ्हायलाय अजून."